पुनर्मुद्रित नाणे आणि स्मृतीची नीती

सत्तांतरानंतर पूर्वसत्तेच्या चिन्हांचे काय करावे, हा प्रश्न राजकीय वाटला तरी मुळात नैतिक आहे. पूर्वसूरींच्या स्मृतीवर उत्तराधिकाऱ्याचा अधिकार कुठवर चालावा, हे त्यात ठरत असते. रोमन सिनेटचे उत्तर निःसंदिग्ध होते. कॅलिग्युलाच्या वधानंतर, इ. स. ४३मध्ये, त्याची प्रतिमा असलेली ब्राँझची नाणी वितळवण्याचा आदेश सिनेटने दिला, असे इतिहासकार दिओ कॅसिअस सांगतो. ती नाणी तरीही आज संग्रहालयांत आढळतात.

कराडच्या दक्षिणेस, कोल्हापूर परिसरात सापडलेली कुर राजांची शिशाची नाणी निराळे उत्तर देतात. त्यांच्या एका बाजूस धनुष्यबाण आहे, तर दुसऱ्या बाजूस कमानींचा पर्वत आणि वृक्ष. वासिठीपुत विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरीपुत सिवलकुराने आपला ठसा उमटवला आणि या दोघांच्याही नाण्यांवर गोतमीपुत विळिवायकुराने. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा जुने नाव समूळ नाहीसे करणे मुळीच अवघड नव्हते. पुनर्मुद्रणात श्रम वाचतात, हे खरे. म्हणून त्यात औदार्य शोधणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु कृतीचा हेतू आणि कृतीचा अर्थ एक नव्हेत. नाव बदलले, चिन्हे मात्र तीच राहिली. म्हणजे ज्याचे नाव झाकले, त्याच्याच चिन्हांच्या पतीवर नव्या राजाचे नाणे चालले. शिवाय या राजांचा क्रम आज कळतो, तो या दुहेरी ठशांवरूनच.

तथापि दुहेरी संहिता आपोआप न्याय्य ठरत नाही. खालचा ठसा केवळ वरच्याचे वर्चस्व सिद्ध करण्यापुरता वाचला, तर वाचकही झाकणाऱ्याचाच पक्ष घेतो.

नाव टिकवण्याची आणखी एक रीत याच भूमीला ठाऊक होती. भारहूतच्या स्तूपावर करहकटाच्या, म्हणजे कराडच्या, निगमाचे दान कोरलेले आहे. तिथे एका दात्याचे नाव दुसऱ्याच्या शेजारी येते, त्याच्यावर नव्हे. राजमुद्रेला ही शेजारवृत्ती साधत नाही. समीक्षेला ती साधता येते. परंपरेचे पुनर्लेखन अटळ असले, तरी खालच्या अक्षरांना त्यांच्या स्वतःच्या अर्थासाठी वाचणे, हे समीक्षेचे ऐच्छिक औदार्य नसून तिचे कर्तव्य आहे.