दाराआडची पाटी

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. शाळेत त्याच्या चित्रकलेच्या वहीत झाड, डोंगर, सूर्य काही नसे, पानोपानी मोटारी. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्याचा फोन आला. "सर, एक प्रश्न आहे. हो किंवा नाही, एवढेच सांगा." एवढ्यात सुटणारा प्रश्न कोणी साता समुद्रांपलीकडून ड्रॉइंगमास्तराला विचारीत नाही, हे मी ओळखले.

त्याने १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर हार्डटॉप विकत घेतली होती. हार्डटॉप म्हणजे पुढच्या आणि मागच्या काचांमध्ये खांब नसलेली गाडी. काचा खाली केल्या की बाजू सलग मोकळी होते. जनरल मोटर्सने हा घाट १९४९ साली ब्यूक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल या गाड्यांत आणला, आणि १९५० साली शेव्हरोलेत, बेल एअर याच नावाने. छप्पर कायमचे पोलादी, पण डौल असा की कापडी टप नुकताच वर ओढून घेतला आहे! काही गाड्यांत आतून छताला चकचकीत कमानी असत, जणू त्या टपाच्या काड्याच. म्हणजे ही जातच मुळी सोंगाची. पण या सोंगाने कोणी फसले नाही, कारण सोंग नावातच सांगितलेले होते. दारात आलेल्या बहुरूप्याला आपण पोलीस समजून घाबरत नाही. कौतुकाने चार पैसे देतो.

त्या साली शेव्हरोलेच्या तीन पायऱ्या होत्या: वन-फिफ्टी, टू-टेन आणि सर्वांत वर बेल एअर. बेल एअर ओळखायची ती पुढच्या सोनेरी जाळीवरून, पुढच्या पंखांवरच्या तीन सोनेरी खुणांवरून आणि मागच्या बाजूला बसवलेल्या रेघारेघांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून. टू-टेनला याच आकाराची चकचकीत पट्टी असे. तिच्या आत मात्र पत्र्याऐवजी नुसता रंग. खालचा सांगाडा दोघींचा एकच. आणि हे सगळे दागिने आज नवे करून विकत मिळतात.

विद्यार्थ्याच्या गाडीवर सगळे दागिने होते. एका रविवारी त्याने चालकाच्या दाराच्या बिजागरीशी असलेल्या खांबावरची पाटी खरवडली. रंगाच्या थरांखालून अक्षरे निघाली, 'व्हीबी ५७'. व्ही म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन, बी म्हणजे टू-टेन. बेल एअर असती तर तिथे सी असता. गाडीच्या कागदांवरही तीच अक्षरे होती; पण सोनेरी जाळी समोर असताना कागद कोण वाचतो? त्याने किंमत मात्र बेल एअरची मोजली होती. आता एक गिऱ्हाईक आले होते. त्याने पाटीबद्दल विचारले नव्हते. "सर, विचारले नाही तर सांगायलाच हवे का?"

मी तत्काळ "हो" म्हणालो. मास्तरांना ही सवयच असते. तो गप्प राहिला असता तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. पण तो म्हणाला, "जन्मावरून कोणाची पायरी ठरवू नये, हे वर्गात तुम्हीच सांगत होता. सांगाडा तोच, जाळी बेल एअरची, पत्रा बेल एअरचा. मग एका अक्षराने तिला खाली का बसवायचे?"

मला उत्तर सुचेना. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, रथ म्हणजे काय? चाक, आस, जू, यातले एकही रथ नव्हे. मग अक्षर तरी गाडी कसे? रात्री मी त्या गाड्यांचे आकडे शोधले. १९५७ साली दोन दारांच्या बेल एअर हार्डटॉप सुमारे १ लाख ६६ हजार निघाल्या. टू-टेन हार्डटॉप जेमतेम २२ हजार ६००. म्हणजे दुर्मीळ गाडी झाकून तिची मुबलक गाडी केली होती! तिला खाली बसवले ते अक्षराने नव्हे. ते अक्षर लाजिरवाणे मानून ज्याने वर रंग फासला, त्याने.

इथे मला माझ्या कपाटातली एक निमंत्रणपत्रिका आठवली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे कोणी 'बी. ए.' छापले. छापणाऱ्याची ती चूक होती. दुरुस्त न करण्याची माझी. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. कार्यक्रमानंतर एक मुलगा जवळ आला. वडील आजारी, मॅट्रिकनंतर शिक्षण सुटणार होते. "सर, असे झाले तर लेखक होता येते का हो?" हातात ती पत्रिका. मी "प्रयत्न कर" म्हणालो आणि चहाकडे वळलो. त्याला माझी खरी पाटी हवी होती. त्या दिवशी तिच्याइतके मोलाचे माझ्याजवळ दुसरे काही नव्हते. तो मुलगा पुन्हा भेटला नाही. त्याचे नावही मी विचारून घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला फोन करून ही गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाला, "सर, तुम्ही बी. ए. नाही? आम्हाला वाटायचे..." वाक्य त्याने पुरे केले नाही, मीही करू दिले नाही.

त्याने गिऱ्हाइकाला पाटी दाखवली. गिऱ्हाईक आभार मानून निघून गेले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे, आणि घरात त्यावरून थोडी कुरबुरही आहे. गुंतलेले पैसे काही लहान नाहीत. यंदा त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा काढला. आता तिथे मूळ रंग द्यायचा आहे, म्हणून ड्रॉइंगमास्तरांचा सल्ला हवा होता. इंजिनामागच्या पत्र्यावर दुसरी एक पाटी असते, तिच्यावर रंगाचा आकडा असतो. त्यावरून निघाले की गाडी निळी, आणि छप्पर व ती पट्टीतली जागा 'इंडिया आयव्हरी', म्हणजे किंचित पिवळसर पांढरी. मी त्याला सांगितले, पांढरा थेट डब्यातून लावू नकोस, आधी एका तुकड्यावर उन्हात वाळवून बघ.