जमिनीला दिलेला शब्द

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर इथे टटल घराण्याची शेती होती. इंग्लंडहून आलेल्या जॉन टटलला १६३०च्या दशकात ही जमीन मिळाली आणि त्याचे वंशज अकरा पिढ्या ती कसत राहिले. देशातली सर्वांत जुनी कौटुंबिक शेती म्हणून तिचं नाव घेतलं जाई. आसपास घरं उठू लागल्यावर कुटुंबानं बहुतेक जमिनीवर ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ करून दिलं. काही वर्षांतच, २०१० मध्ये, त्यांनी ती शेती विकायला काढली.

मग वाचवलं काय?

ईझमेंटमध्ये मालकी हलत नाही. मालक जमीन कसतो, विकतो, मुलांच्या नावे करतो. सोडायचा असतो तो प्लॉट पाडून बांधकाम करण्याचा हक्क. तो लँड ट्रस्टला, म्हणजे जमीन राखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला, किंवा सरकारी यंत्रणेला विकला जातो वा दान दिला जातो, आणि घेणाऱ्यालाही तो वापरता येत नाही. घरांसाठी विकली असती तर जमिनीला आलेली किंमत आणि नुसती शेतजमीन म्हणून येणारी किंमत, यांतला फरक म्हणजे त्या हक्काचं मोल. करार नोंदला गेला की पुढच्या प्रत्येक मालकावर तो बंधनकारक. दान देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते, मात्र बंधन कायमचं असावं लागतं.

पण अजून जन्मालाही न आलेल्यांचे हात आज कुणी बांधावेत का? थॉमस जेफर्सननं सप्टेंबर १७८९ मध्ये पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात याला ठाम नकार दिला होता. पृथ्वी जिवंतांची, मेलेल्यांची तिच्यावर सत्ता नाही, असं त्याचं म्हणणं. एक पिढी सुमारे १९ वर्षांची धरून कर्जं आणि कायदेही तेवढ्याच मुदतीचे असावेत, इथपर्यंत त्यानं हिशेब मांडला. पुढच्या फेब्रुवारीत मॅडिसननं उत्तर धाडलं. निसर्गानं दिलेल्या मूळ भूमीपुरतं हे मान्य. पण आधीच्यांनी त्या भूमीत जे कष्ट ओतले, त्यांचं फळ खाणाऱ्यावर त्यांचं देणं उरतंच. पितृऋण मानणाऱ्या समाजात वाढलेल्या वाचकाला मॅडिसन चटकन उमगेल.

जेफर्सनच्या आक्षेपात तथ्य आहे, पण तो दोन्हीकडे लागू पडतो. वरची सुपीक माती खरवडून वसाहत बांधणाराही पुढच्यांना विचारत नाही. करार निदान न्यायालयात नेता येतो. त्याचा हेतूच अशक्य झाला तर तो रद्दही होतो. गेलेली माती परत यायला शतकं लागतात. दोहोंपैकी एक बंधन लादायचंच असेल, तर ईझमेंटचं बंधन अधिक न्याय्य आहे.

बायबलमधल्या ‘लेवीय’ ग्रंथाचा पंचविसावा अध्याय याहून खोल जातो. जमीन कायमची विकू नये, ती देवाची आहे आणि माणसं तिथे वस्तीला आलेली परकी आहेत, असं तो सांगतो. पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परतावी, असंही बजावतो. डोव्हरमध्ये हा विचार बोचतो. टटल येण्याआधी ही भूमी अबेनाकी लोकांची होती. चार शतकांच्या परंपरेचा अभिमान बाळगताना ते विसरणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. धर्मग्रंथाच्या कसोटीवर टटलही पाहुणेच.

म्हणून २०१० मध्ये शेती विकायला काढल्यानं शब्द मोडला गेला, असं म्हणता येत नाही. शब्द घराण्यानं दिला होता, पण घराण्यासाठी नव्हे, जमिनीसाठी. २०१३ मध्ये ती मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्यानं घेतली आणि तिथे शेती चालू राहिली.

दरवेळी असं घडतंच असं नाही. अनेक ईझमेंटमध्ये बांधकामाला मनाई असते, पण पीक घ्यायची सक्ती नसते. मग एखादा धनाढ्य माणूस निवांत बंगल्यासाठी शेत घेतो आणि त्याच्या किमतीपुढे तरुण शेतकरी टिकत नाही. व्हर्मॉन्टमध्ये यावर उपाय म्हणून करारातच एक कलम घालतात: शेतकरी नसलेल्याला विक्री ठरली, तर ती जमीन शेतीच्या भावानं विकत घेण्याचा हक्क लँड ट्रस्टकडे राहतो.