उस्तादांना खोडणारे शागिर्द

उस्तादांचे म्हणणे खोडून काढणे ही बेअदबी आहे काय? आपल्या घरांत आणि शाळांत याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. मोठ्यांनी बोलावे, लहानांनी ऐकावे. आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना मात्र अणूचा, म्हणजे आमच्या 'जौहर'चा, धडा शिकवताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्या धड्यात प्रत्येक जण आधीच्याला खोडतो आणि मुले विचारतात, "सर, मग आधीचे खोटे होते का?"

डाल्टन यांनी १८०८ साली अणू अविभाज्य मानला. १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांना अणूहून लहान इलेक्ट्रॉन सापडला. १९०४ मध्ये त्यांनी अणूचे चित्र मांडले: धनप्रभाराचा गोळा आणि त्यात कलिंगडातल्या बियांसारखे इलेक्ट्रॉन.

हे चित्र मोडले त्यांच्याच शागिर्दाने. अर्नेस्ट रदरफोर्ड १८९५ मध्ये न्यूझीलंडहून त्यांच्या हाताखाली शिकायला आले होते. पुढे १९०९ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड यांचे सहकारी गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले. हजारोंतून एखादा उलटा फिरला. कलिंगडाच्या गरातून असे घडणे शक्य नव्हते. अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म, वजनदार केंद्रक आहे, असे रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडले.

त्यांच्या चित्रातही अडचण होती. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा. १९१३ मध्ये निश्चित कक्षांची कल्पना मांडून त्यावर वाट काढली ती त्यांच्याकडेच काम केलेल्या नील्स बोर यांनी. पुढे त्या कक्षाही टिकल्या नाहीत. थॉमसन यांनी कण म्हणून ओळखलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, हे १९२७ मध्ये प्रयोगाने दाखवणाऱ्यांत त्यांचे पुत्र जॉर्ज होते. वडील तेव्हा हयात होते.

मग मुलांना काय सांगावे? कलिंगड चुकीचे होते, इलेक्ट्रॉन खरा होता. आणि दोन्ही एकाच माणसाचे होते. त्या माणसाचा अदब करायचा तर त्याचे खरे काय आणि चूक काय, हे तपासावेच लागते. नुसते 'नाही' म्हणणे सोपे असते. मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या ठिणग्या मोजत होता. ती मेहनत केल्यावरच 'नाही' म्हणण्याचा हक्क मिळतो.

आमच्या वर्गात गाइडमधले उत्तर शब्दशः लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. प्रश्न विचारणारा मुलगा उद्धट ठरतो, आणि मुलगी असेल तर अधिकच. थॉमसन आणि रदरफोर्ड दोघेही आज वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या कबरीजवळ विसावले आहेत. शागिर्दाने खोडले म्हणून उस्तादांचे नाव पुसले गेले नाही. मग मुलांच्या प्रश्नांना आपण एवढे का घाबरावे?