टळलेले वादळ आणि आपली कृतज्ञता



2020 सालच्या 2 जूनची रात्र आठवून पाहा. ईद-उल-फित्र होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. महामारीमुळे मशिदींतील जमाअत बंद होती. अशा वेळी हवामान खात्याने सांगितले की अरबी समुद्रातील ‘निसर्ग’ चक्रीवादळ मुंबईलगतच्या किनाऱ्याकडे सरकत आहे. कुर्ल्यातून समुद्र दिसत नाही. मात्र मिठी नदी दिसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच नदीने काठावरच्या घरांचा ताबा घेतला होता. त्यामुळे क्रांतीनगरसारख्या वस्तीत वादळाची वार्ता म्हणजे पाण्याची वार्ता. कोणी छपराचे पत्रे दोरीने आवळले, कोणी रेशनकार्ड आणि कुरआन शरीफ वरच्या फळीवर ठेवले, आणि सर्वांच्या ओठी एकच दुआ होती : या अल्लाह, हे संकट आमच्यावरून टाळ.

ते टळले. 3 जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुंबईत झाडे पडली, पण ज्याची धास्ती होती तो प्रलय झाला नाही. आपण ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणालो. त्याच घटकेला श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि पलीकडे मंडणगड, दापोलीत घरांची छपरे उडत होती. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या होत होत्या. येथे एक प्रश्न उभा राहतो आणि श्रद्धावंताने त्याला बगल देऊ नये. जे वादळ आपल्यावरून गेले ते दुसऱ्या कोणावर कोसळले असेल, तर आपली कृतज्ञता नेमकी कशाबद्दल आहे?

प्रथम हे स्पष्ट असू द्या की भय वाटणे म्हणजे ईमानाची उणीव नव्हे. हजरत आएशा (र.) यांनी सांगितले आहे की आकाशात ढग दाटले की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याचा रंग बदलत असे, ते आत-बाहेर येरझारा घालीत. आद जातीचे लोक ढग पाहून पाऊस येणार म्हणून हर्षले होते आणि त्यांच्यावर अजाब आला, याचे त्यांना स्मरण होई. वारा सुटला की ते अल्लाहकडे त्यातील भले मागत आणि त्यातील वाइटापासून आश्रय मागत. सुरक्षितता मागणे ही तर सुन्नत आहे. तसेच छपराचा पत्रा बांधणे किंवा सांगितल्यावर घर सोडून निवाऱ्याला जाणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा, हीच आपल्याला शिकवण आहे.

मग मागावे कसे? मदीनेत एकदा दुष्काळ पडला. जुम्याच्या खुतब्याच्या वेळी एका माणसाने विनंती केली, प्रेषितांनी (स.) दुआ केली आणि पाऊस आठवडाभर थांबला नाही. पुढच्या जुम्याला घरे कोसळत असल्याची तक्रार आली. तेव्हा त्यांनी मागितले ते असे, की पाऊस आमच्यावर नको, आमच्या सभोवती पडो. आणि लगेच ठिकाणेही सांगितली : टेकड्या, दऱ्याखोरी, झाडे उगवतात त्या जागा. संकट दुसऱ्या वस्तीवर जावो, असे त्या दुआत कोठेही नाही. जेथे पाणी रहमत ठरेल तेथे ते जावो, असे आहे. आपल्या दुआतही एवढी रुंदी हवी.

तरीही वारा कोठे जाईल हे आपल्या हाती नसते. आपल्या हाती असते ते नंतरचे. बगदादचे थोर सूफी सरी सकती (रह.) यांच्याविषयी चरित्रग्रंथांत नोंद आहे. बाजाराला आग लागली. त्यांचे दुकान वाचल्याचे कोणी सांगितले आणि ते ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून गेले. इतरांचे सर्वस्व जळत असताना आपण केवळ आपल्यापुरता आनंद मानला, या जाणिवेने त्या एका उद्गाराबद्दल ते पुढे तीस वर्षे क्षमा मागत राहिले. चूक ‘अल्हम्दुलिल्लाह’ या शब्दात नव्हती. तो स्वतःच्या दुकानापाशी थांबला, यात होती.

याहून घातक चूक म्हणजे, आमच्या दुआ कबूल झाल्या आणि त्यांची कर्मे तशीच असतील, असे मनात आणणे. बुडून किंवा ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावलेल्या श्रद्धावंताला प्रेषितांनी (स.) शहीदांत गणले आहे. ज्याला अल्लाहकडे असा दर्जा मिळतो, त्याला दोषी ठरवणारे आपण कोण?

कुर्ल्यातील कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव याच किनारपट्टीवर आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे झाड फळायला अनेक वर्षे घेते. ते पडले की एक हंगाम नव्हे, एका पिढीची मिळकत जाते. अशा घरी तांदळाची गोणी पहिल्या आठवड्यात पोचते; पाचव्या वर्षी कोणी विचारीत नाही. शुक्र केवळ जिभेने पुरा होत नाही. जे संकट माझ्यावरून टळले ते ज्याच्यावर कोसळले, त्याचा माझ्यावर हक्क निर्माण झाला, असे समजणे हा शुक्राचा उरलेला अर्धा भाग आहे. तो माणूस मुसलमान आहे की नाही, हे विचारण्याचे कारण नाही. वाऱ्याने ते विचारले नव्हते.

पावसाळा दरवर्षी येणार आहे. पुढच्या वेळी खिडकीशी उभे राहून वाट पाहताना स्वतःसाठी अवश्य मागा. आणि वादळ वळलेच, तर ते कोणत्या गावाकडे वळले याची चौकशी त्याच दिवशी करा.

अल्लाह आपल्याला संकटात सब्र आणि सुटकेत जबाबदारीचे भान देवो. आमीन.