सरासरी कुणाची?

एक-एक लिटरचे दोन बंद डबे आहेत, मधली भिंत सामाईक. एकात १ ग्रॅम वायू, दुसऱ्यात तोच वायू ९ ग्रॅम. तापमान सारखंच. सरासरी घनता किती? दोन लिटरमध्ये १० ग्रॅम, म्हणजे लिटरला ५. आता हाच प्रश्न रेणूंना विचारू. दर दहातले नऊ रेणू दाटीच्या डब्यात आहेत. प्रत्येकाने आपल्या भोवतालची घनता सांगितली, तर सरासरी येते ८.२. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं जागेचं, दुसरं त्या जागेत राहणाऱ्यांचं.

मला यात नैतिक प्रश्न दिसतो. कुणाला मोजायचं हे सरासरी काढण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते गणित ठरवत नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं राहतात. गडचिरोलीत ७४, मुंबई उपनगरात वीस हजारांहून जास्त. ३६५ हे जमिनीला विचारून मिळालेलं उत्तर आहे. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारलं, तर तो वेगळाच आकडा सांगेल.

दाबाचंही तसंच. तापमान सारखं असल्याने दोन डब्यांतल्या दाबांचं प्रमाण १ ला ९. सरासरी ५ धरून डबे बनवले, तर दाटीचा डबा फुटेल. मात्र मधली भिंत काढली, की थोड्याच वेळात सगळीकडे खरोखर ५ होतं. म्हणजे सरासरी ही भिंत काढल्यानंतरची वस्तुस्थिती आहे. भिंत तशीच ठेवून ती आजची म्हणून सांगितली जाते, तेव्हा मला खटकतं. दरडोई उत्पन्नाचे आकडे ऐकताना हे हटकून आठवतं.

विषमता म्हणजे नेहमी अन्यायच, असंही मी म्हणणार नाही. सूर्य हा वायूचा गोळा. त्याची सरासरी घनता घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅम, केंद्रात मात्र सुमारे १५०. तिथल्या दाटीमुळे आणि उष्णतेमुळेच हायड्रोजनचं हीलियम होतं. सगळीकडे सरासरीच असती, तर सूर्य असा तळपला नसता. पण तिथली दाटी गुरुत्वाकर्षणाने आणली आहे, कुणी भिंत घालून नव्हे.

माणसांच्या जगात भिंती माणसंच घालतात. म्हणून कुणी सरासरी सांगितली, की मी दोन गोष्टी विचारतो : ती कुणाला विचारून काढली? आणि मधली भिंत कुणी घातली?