टेकाड आणि बाटली

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, इलिनॉय राज्यात, कॉलिन्सव्हिल नावाचं छोटं शहर आहे. शहरात केचपची एक अवाढव्य बाटली उभी आहे आणि काही मैलांवर मातीचं एक फार जुनं टेकाड. पंचतंत्रातले कोल्हे-कावळे बोललेले आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतले. तेव्हा इथे टेकाड आणि बाटली बोलली, तर वाचकांनी हरकत घेऊ नये. बाकी हकिकत घडलेली आहे.

बाटली म्हणजे खरी पाण्याची टाकी. तिथल्या केचपच्या कारखान्याला टाकी हवी होती. कंपनीच्या अध्यक्षांच्या मनात आलं, बांधायचीच तर आपल्या बाटलीसारखी का नको? 1949 साली ती उभी राहिली. 100 फुटांचे पोलादी पाय, त्यावर 70 फुटांची बाटली, लेबल आणि झाकणासकट. पोटात 1 लाख गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लाख लिटर पाणी. एवढी उंची नुसत्या हौसेची नव्हती. पाणी 10 मीटर वर चढवून ठेवलं की तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोचा दाब मिळतो. इथे पायच 30 मीटरचे. आग लागली आणि नेमकी वीज गेली, तरी पाणी आपल्या वजनानं जोरात सुटणार. रूप जाहिरातीचं, काम चोख.

उभी राहताच बाटलीला उंचीचा माज चढला.

‘‘काय आजोबा, किती भरता?’’

‘‘शंभरेक फूट,’’ टेकाड म्हणालं.

‘‘मी 170!’’

‘‘असशील पोरी. मला माणसांनी टोपलीटोपलीनं माती वाहून रचलंय. एवढ्यात हजार वर्षं होत आली, मोजमाप सुटलं बघ.’’

बाटलीला म्हातारा कंटाळवाणा वाटला. पुढे कंपनीची मालकी बदलली आणि 1960च्या दशकात केचप करायचं काम इंडियाना राज्यात गेलं. कारखान्याच्या जागी गोदाम आलं. पाण्याची गरज सरली. पोलाद गंजू लागलं, रंगाचे पोपडे सुटले. 1993 साली बाटली पाडायची भाषा सुरू झाली. आता तिला आजोबांची आठवण झाली. अडला हरी, दुसरं काय!

‘‘आजोबा, तुम्ही कसे टिकलात?’’

‘‘नशिबानं आणि माणसांनी. इथे एकेकाळी 120 टेकाडं होती. पॉवेलचं टेकाड तर माझ्या खालोखाल मोठं. 1930-31 मध्ये मालकांना शेत सपाट करायचं होतं, यंत्रं लावून भुईला मिळवलं. नदीपलीकडे सेंट लुइसचं मोठं टेकाड 1869 मध्येच गेलं. त्याची माती रेल्वेच्या भरावाला घातली.’’

‘‘त्यांचं काय चुकलं?’’

‘‘काही नाही. त्यांच्यासाठी पुरेशा लोकांनी आरडाओरडा केला नाही, इतकंच. माझ्यासाठी केला, म्हणून 1925 मध्ये राज्यानं माझी जमीन राखली.’’

‘‘पण तुम्ही थोर. माझ्या अंगावर तर केचपची जाहिरात आहे!’’

टेकाड हसलं. ‘‘मला रचणारे लोक 1350च्या सुमारास इथलं आपलं नगर सोडून गेले. ते मला काय म्हणत, ते आज कुणालाच ठाऊक नाही. मला आता मंक्स माउंड म्हणतात. का? तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही ट्रॅपिस्ट साधू इथे राहिले आणि माझ्या अंगावर भाजीपाला लावत होते. एवढं मोठं नगर गेलं, आणि मी भाजीच्या वाफ्यांवरनं ओळखला जातो. थोरवीचं काय घेऊन बसलीस?’’

बाटली गप्प झाली. गावात मात्र कुजबुज वाढली. जाहिरातीला कसला आलाय वारसा, हा प्रश्न काही वेडगळ नाही. मलाही तो पडला असता. रंगकामाचा खर्च कोण करणार, हा त्याहून अवघड. पण गावातल्या काही माणसांनी बाटली वाचवण्यासाठी मंडळ काढलं आणि बाटलीचं चित्र छापलेले टी-शर्ट, स्वेटशर्ट विकायला सुरुवात केली. या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा व्यवहार तो हाच. कंपनीनं केचप खपावा म्हणून बाटली बांधली होती. आता बाटली टिकावी म्हणून लोक स्वतःच्या छातीवर तिची जाहिरात मिरवत होते, तीही पदरचे पैसे मोजून. 1995 मध्ये तिला पुन्हा मूळचा रंग चढला. 2002 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव लागलं. पुढे उन्हाळ्यात तिच्या नावानं जत्राही भरू लागली.

टेकाड 1982 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथे आलेल्या एका कुटुंबानं पायऱ्या चढता चढताच विचारलं, ‘‘ती केचपची बाटली इथून कुठे?’’

म्हाताऱ्याला राग यायला हवा होता.

‘‘159 नंबरचा रस्ता धरा,’’ तो म्हणाला. ‘‘आणि शर्ट घेतल्याशिवाय परत फिरू नका.’’