माहीत होते, मग केले काय?

दियारबाकीर हे तुर्कस्तानच्या आग्नेय भागातले शहर. तिथल्या एका मायलेकींनी १९९५ पासून पोलीस आणि सरकारी वकिलांकडे खेटे घातले. लेकीचा नवरा मारझोड करी, जिवे मारण्याच्या धमक्या देई. १९९८ मध्ये त्याने दोघींच्या अंगावर मोटार घातली. २००१ मध्ये बायकोवर सुरीचे सात वार केले. त्याबद्दल न्यायालयाने त्याला दंड केला आणि तो आठ हप्त्यांत भरायची सवलतही दिली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आईने पुन्हा अर्ज दिला, की आमच्या जिवाला धोका आहे. दोन आठवडे उलटायच्या आत, इझमीरला बिऱ्हाड हलवताना, सामानाची गाडी वाटेत अडवून जावयाने तिला गोळी घातली.

गोळी जावयाने झाडली, यात वाद नव्हता. तरीही लेकीने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात फिर्याद लावली ती तुर्कस्तान सरकारवर. सरकारचे म्हणणे असे, की बायकांनी तक्रारी मागे घेतल्या, मग आम्ही नवराबायकोच्या घरात शिरायचे कसे? ९ जून २००९ च्या निकालात, म्हणजे ‘ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान’मध्ये, न्यायालयाने हा बचाव फेटाळला. तक्रार मागे का घेतली गेली, याची चौकशी करणे हे सरकारचे काम होते. धमकी देणारा बाहेर मोकळा फिरत असताना कागदावरची माघार ग्राह्य धरून फाईल बंद करणे म्हणजे त्या बाईला त्याच्या हवाली करणे होय. बायकांना कायद्याचे संरक्षण नाकारणे हा लिंगभेद आहे, मग तो जाणूनबुजून केलेला नसला तरीही, असेही या न्यायालयाने या निकालात प्रथमच म्हटले.

प्रत्येक सासर, प्रत्येक गल्ली सरकारच्या नजरेखाली असावी, अशी मागणी कोणी करत नाही, आणि करूही नये. सरकारला विचारायचे प्रश्न दोनच: तुम्हाला माहीत होते का? आणि मग केले काय?

या प्रश्नांमागचे तत्त्व बायकांच्या खटल्यांतून आलेले नाही. होंडुरासमध्ये १९८१ मध्ये एक विद्यार्थी बेपत्ता झाला. १९८८ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितले, की कृत्य कोणाचेही असो, ते टाळण्याची आणि त्याचा तपास करण्याची पुरेशी तत्परता राज्यसंस्थेने दाखवली नसेल तर ती जबाबदार आहे. बायकांच्या चळवळींनी हे तत्त्व उचलले आणि घराच्या उंबऱ्याशी आणून ठेवले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-भेदभाव निर्मूलन कराराच्या, म्हणजे ‘सीडॉ’च्या, समितीने ते आपल्या शिफारशीत घेतले, १९९३ च्या डिसेंबरात आमसभेच्या जाहीरनाम्यात ते उतरले.

कागदावर उतरलेले तत्त्व सरकारच्या गळी उतरवायला मात्र एकेका बाईची उमर गेली. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरातल्या मारिया द पेन्हा या औषधशास्त्राच्या पदवीधर. १९८३ मध्ये त्या झोपेत असताना नवऱ्याने पाठीत गोळी घातली आणि चोर आल्याचा बनाव रचला. कमरेखालचे शरीर लुळे पडले. इस्पितळातून घरी आल्यावर त्याने त्यांना आंघोळीच्या वेळी विजेचा धक्का देऊन मारण्याचा प्रयत्न केला. दोनदा तो दोषी ठरला, दोनदा अपिलांच्या आधाराने बाहेर राहिला. १९९८ मध्ये प्रकरण आंतर-अमेरिकी आयोगाकडे गेले आणि २००१ मध्ये आयोगाने ब्राझीलला दोषी धरले. नवरा तुरुंगात गेला तो २००२ च्या ऑक्टोबरात, खटल्याची मुदत संपायला काही महिनेच उरले असताना. ७ ऑगस्ट २००६ रोजी घरगुती हिंसेविरुद्धच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लुला यांनी सही केली. ब्राझीलमध्ये त्या कायद्याला सगळे ‘मारिया द पेन्हा’ याच नावाने ओळखतात.

मेक्सिकोतल्या स्युदाद हुआरेसची गोष्ट याहून भीषण आहे. अमेरिकेच्या सीमेवरचे हे कारखान्यांचे शहर. १९९३ पासून तिथे शेकडो बायका-मुलींचे खून झाले. २००१ च्या नोव्हेंबरात कापसाच्या एका शेतात आठ मृतदेह सापडले. त्यातली २० वर्षांची एक मुलगी कारखान्यात काम करी. दोन मिनिटे उशीर झाला म्हणून तिला फाटकावरून परत पाठवले होते. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही. अशा मुलींच्या आया पोलिसांकडे गेल्या तेव्हा उत्तर मिळाले, की गेली असेल मित्राबरोबर, येईल परत. शोध जेव्हा उपयोगी पडला असता, ते पहिले तास असे गेले.

२००९ च्या निकालात आंतर-अमेरिकी न्यायालयाने या तासांवरच बोट ठेवले. शहरात काय चालले आहे हे सरकारला १९९८ पासून ठाऊक होते, कारण देशाच्याच मानवाधिकार आयोगाने तेव्हा इशारा दिला होता. त्यामुळे मुलगी बेपत्ता असल्याची वर्दी मिळताच धावाधाव करणे बंधनकारक होते. न्यायालयाने भरपाई तर द्यायला लावलीच, शिवाय हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी, जाहीर कबुली आणि त्या शेतात स्मारक उभारण्याचा आदेश दिला.

ही गरीब किंवा मागास देशांची व्यथा आहे, असे कोणाला वाटेल. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९९ च्या जून महिन्यात एका बाईच्या विभक्त नवऱ्याने तीन मुलींना नेले. त्याने जवळ येऊ नये, असा न्यायालयाचा आदेश तिच्या हातात होता. ती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी स्वतः ठाण्यात गेली. तिची तक्रार लिहून घेणारा अधिकारी नंतर जेवायला निघून गेला. पहाटे नवरा ठाण्यासमोर येऊन गोळीबार करू लागला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला आणि त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी आयोगाने अमेरिकेला दोषी धरले. सीडॉ करार अमेरिकेने आजतागायत मंजूर केलेला नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार आधी विचारलेला आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. मथुरा प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली.

पुढे राजस्थानात सरकारच्याच योजनेत ‘साथिन’ म्हणून बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, अशी फिर्याद त्यांनी दिली. १९९५ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटले. सरकारचे काम करताना ही वेळ आली, तर संरक्षणाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नातून १९९७ चा विशाखा निकाल आला. सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती किरपाल यांच्या खंडपीठाने त्यात भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या सीडॉ कराराचाच आधार घेतला. करार बासनात राहिला नाही, न्यायालयात कामाला आला.

मात्र या कराराच्या ऐच्छिक पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. म्हणून देशातले सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर थेट सीडॉ समितीकडे तक्रार करण्याची वाट भारतीय स्त्रीला बंद आहे. ती वाट काय करू शकते हे स्पेनमध्ये दिसले. तिथल्या एका आईने तीसहून अधिक तक्रारी केल्या होत्या. तरीही बापाला लेकीची एकट्याने भेट घेऊ दिली गेली आणि २००३ मध्ये त्याने त्या सात वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. २०१४ मध्ये समितीने स्पेनला जबाबदार धरले. सरकारने ते मानले नाही, तेव्हा २०१८ मध्ये स्पेनच्याच सर्वोच्च न्यायालयाने आईला सहा लाख युरो देण्याचा हुकूम केला.

दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. कारभारातले अपयश हे तिने मूळ दुखणे मानले आणि बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. सरकारने मात्र २०१३ च्या कायदादुरुस्तीत काही गुन्ह्यांना फाशी आणली. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर हेच घडते. शिक्षा वाढवण्याला सरकारला काही मोजावे लागत नाही. ती दुसऱ्याला द्यायची असते. जबाबदारी स्वीकारायची म्हणजे ठाणेदाराला जाब विचारावा लागतो, पदे भरावी लागतात, पैसा खर्चावा लागतो. ही जबाबदारी टाळण्याची वाट तुर्कस्तानने दाखवली: बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा युरोपातला इस्तंबूल करार त्याने सर्वांत आधी मंजूर केला आणि २०२१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले, यामागे संस्कृतीची कारणे सांगितली गेली. पण तो करार सोडल्यावर सरकारच्या कामाची पाहणी करणारी बाहेरची समितीही गेली.

आपल्याकडे फाशी आणणाऱ्या त्याच २०१३ च्या दुरुस्तीत एक कलम असे आले, की बायकांवरच्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी. नव्या न्याय संहितेत ते १९९ व्या कलमात आहे. ‘घरातले भांडण आहे, समजुतीने घ्या, एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो’ हे शब्द ऐकून परत फिरलेल्या बाईपर्यंत हे कलम पोहोचलेच नाही, तर त्याचा उपयोग काय? आमदारांना सभागृहात तारांकित प्रश्न विचारता येतो. हे कलम गेल्या पाच वर्षांत राज्यात किती जणांवर लावले? घरगुती हिंसाविरोधी कायद्याखालचे किती संरक्षण अधिकारी पूर्णवेळ आहेत आणि किती जणांकडे तो अतिरिक्त कार्यभार आहे? आणि ज्या बायकांनी तक्रार मागे घेतली, त्यांच्या घरी त्यानंतर कोण जाऊन आले?